बाकांचे शहर : चार्ल्स्टन

उन्हाळा जवळ आला की माझ्या दवाखान्यात एक प्रश्न हमखास विचारला जातो. मुलाकडे किंवा मुलीकडे अमेरिकेला निघालेले आजी-आजोबा औषधांची चिठ्ठी पुढे सरकवतात, सहा महिन्यांच्या गोळ्यांचा हिशेब होतो, विम्याच्या कागदावर माझी सही होते, आणि उठता उठता दाराशी थांबून ते विचारतात, "डॉक्टर, मला झेपेल ना?" इतकी वर्षे मी या प्रश्नाचे उत्तर रक्तदाब, रक्तातील साखर आणि गुडघे पाहून देत आले. ते उत्तर अपुरे होते, हे मला गेल्या वर्षी एका समुद्रकाठच्या शहराने आणि माझ्या एकोणऐंशी वर्षांच्या आईने शिकवले.

माझा मुलगा नोकरीनिमित्त अमेरिकेच्या दक्षिण भागात, शार्लट या शहरी राहतो. आईला घेऊन मी त्याच्याकडे गेले होते. घर प्रशस्त होते, नातसून प्रेमळ होती. तरीही आई दिवसभर खिडकीशी बसून समोरच्या निर्मनुष्य रस्त्याकडे पाहत असे. तिचे सारे बालपण रत्नागिरीस गेलेले. तिसऱ्या आठवड्यात तिने नातवाला एवढेच विचारले, "इथून समुद्र किती लांब रे?" मोटारीने साडेतीन तासांवर अटलांटिक महासागर होता, आणि त्याच्या काठी चार्ल्स्टन. मे महिन्याच्या मध्यावर, तीन दिवसांची सुट्टी जोडून, आम्ही चौघे निघालो.

दोन नद्यांमधले निवांत शहर

साउथ कॅरोलायना राज्यातील हे शहर इंग्रजांनी 1670 मध्ये वसवले आणि राजा दुसरा चार्ल्स याचे नाव त्यास दिले. अॅशली आणि कूपर या दोन नद्यांच्या मधल्या चिंचोळ्या भूशिरावर जुने शहर पसरले आहे. या दोन नद्या आमच्या गावाशी मिळतात आणि त्यातून अटलांटिक महासागर तयार होतो, असे येथील लोक थट्टेने म्हणतात. आपल्या गावाविषयी असा गोड गर्व बाळगणारी माणसे कोकणात वाढलेल्या आईला लगेच आपलीशी वाटली.

शहराच्या जुन्या भागात उंच इमारती नाहीत. आकाशात वर जातात ते चर्चचे मनोरे. घरे रस्त्याकडे आडवी, म्हणजे अरुंद बाजू रस्त्याला आणि लांब बाजू आतल्या अंगणाला. त्या लांब बाजूस वरखाली दोन मजल्यांच्या पडव्या, आणि त्यांचे तोंड बहुधा दक्षिणेस किंवा पश्चिमेस, म्हणजे खाडीवरून येणारा वारा थेट घरात शिरावा. विजेचे पंखे नव्हते तेव्हा उष्म्यावर योजलेला हा उपाय. आईने पडवीकडे पाहिले आणि म्हणाली, "हे शहाणे लोक. आधी पडवी बांधली, मग घर."

अशा पडव्यांवर एक विलक्षण बाक दिसतो. दोन डुलत्या आधारांवर ठेवलेली दहा-बारा हात लांबीची लवचीक फळी. तिच्यावर बसले की शरीर हलकेच वरखाली झुलते. जॉगलिंग बोर्ड हे त्याचे नाव. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी संधिवाताने जखडलेल्या एका स्त्रीला अंगास थोडी हालचाल मिळावी म्हणून स्कॉटलंडमधील तिच्या नातलगांनी ही कल्पना सुचवली, अशी कथा सांगितली जाते. कथा कितपत खरी, हा प्रश्न बाजूला ठेवू. परंतु दुखऱ्या सांध्यांना पूर्ण विश्रांतीपेक्षा सौम्य हालचाल मानवते, हे आजचे वैद्यकही सांगते. एका आजारी बाईसाठी केलेली सोय साऱ्या गावाच्या पडव्यांवर पोचली, ही गोष्ट मला फार आवडली.

ताटातला समुद्र

पहिल्या संध्याकाळी आम्ही मासळीच्या खाणावळीत गेलो. या किनाऱ्याची ओळख म्हणजे कोलंबी, खेकडे आणि कालवं. मक्याच्या कण्यांचा दाट, मऊ घाटा आणि त्यावर परतलेली कोलंबी हा इथला लाडका पदार्थ. त्या घाट्यास ग्रिट्स म्हणतात. दात कमी असलेल्यांसाठी तो उत्तम. मात्र लोणी, मीठ आणि कधी डुकराच्या मांसाचे तुकडे त्यात सढळ हाताने घातलेले असतात, हे लक्षात ठेवावे. मादी खेकड्याच्या गाबोळीचे साय घातलेले सूपही इथलेच. रक्तदाब आणि हृदयविकार असलेल्यांनी वाडग्याऐवजी चार चमच्यांवर समाधान मानावे. मीठ कमी घालण्यास सांगितले, आणि तळलेल्याऐवजी भाजलेले किंवा उकडलेले मागितले, तर खाणावळीत कोणी नाक मुरडत नाही. ज्यांना यूरिक अॅसिड वाढून सांधे सुजण्याचा त्रास आहे, त्यांनी मात्र कोलंबी-कालवांचा मोह आवरलेलाच बरा.

शेजारच्या मेजावर बर्फावर मांडलेली कालवं आली. शिंपला उघडा, लिंबू पिळलेले, आणि आतले कालव कच्चे. आई थक्क झाली. भरती ओसरल्यावर खडकावरून कालवं फोडून आणणे आणि ती खोबऱ्याच्या वाटणात शिजवणे, हे तिचे लहानपण. "अगं, कच्चीच गिळतात?" तिने मला हळूच विचारले. मी तिला जे सांगितले, ते आपणासही सांगते. उबदार, खाऱ्या पाण्यात व्हिब्रिओ नावाचे जंतू असतात आणि ते कालवांत साठू शकतात. असे कालव दिसण्यात, वासात किंवा चवीत वेगळे नसते. लिंबाने, झणझणीत रश्श्याने किंवा मद्याने हे जंतू मरत नाहीत. ते मरतात फक्त नीट शिजवल्याने. धडधाकट माणसास बहुधा जुलाबांवर निभावते. परंतु यकृताचा विकार, मधुमेह, कर्करोगाचे उपचार किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे असतील, तर हाच संसर्ग रक्तात उतरून जिवावर बेतू शकतो. म्हणून ज्येष्ठांनी कालवं खावीत ती शिजवलेलीच. आईसाठी वाफवलेली मागवली. तिने एक खाल्ले, डोळे मिटले आणि म्हणाली, "चव तीच. नारळ तेवढा कमी."

रिकामे शिंपले इथे कचऱ्यात टाकत नाहीत. राज्याचा मत्स्यविभाग ते गोळा करून पुन्हा खाडीत सोडतो, कारण कालवांची पिल्ले जुन्या शिंपल्यांना चिकटूनच वाढतात. म्हाताऱ्या शिंपल्यांच्या आधाराने नवी पिढी उभी राहते, असे नातवाने सांगताच आजी खुदकन हसली.

माझी यादी आणि आईची तहान

दुसऱ्या दिवसाची यादी मी केली होती, आणि त्यातच माझी चूक होती.

सकाळी आम्ही जुन्या बाजारात गेलो. तेथे गल्ला समाजाच्या स्त्रिया गवताच्या टोपल्या विणत बसतात. पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्यांचे हे वंशज. या किनाऱ्याची श्रीमंती एके काळी भातशेतीवर उभी होती, आणि ते भात पिकवण्याचे कष्ट व कसब त्या गुलामांचे होते. आईने एक पसरट टोपली हातात घेतली आणि नकळत पाखडण्याची क्रिया केली. विणणारी वृद्धा मोठ्याने हसली आणि मान डोलावू लागली. ते भात पाखडण्याचे सूपच होते. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. तरीही दहा मिनिटे त्यांचे बोलणे चालले होते.

मी मात्र घड्याळ पाहत होते. तेथून चाल्मर्स स्ट्रीट. गलबतांचा तोल राखण्यासाठी आणलेले गोटे अंथरून केलेला हा रस्ता देखणा खरा, परंतु म्हाताऱ्या पावलांना धोक्याचा. या रस्त्यावर जेथे माणसांचा लिलाव होत असे, त्या इमारतीत आता संग्रहालय आहे. मग भूशिराच्या टोकावरची बाग. तेथून दूर पाण्यात फोर्ट सम्टर दिसतो. 12 एप्रिल 1861 रोजी त्यावर तोफा डागल्या गेल्या आणि अमेरिकेचे यादवी युद्ध सुरू झाले. त्यानंतर कूपर नदीकाठची वॉटरफ्रंट पार्क नावाची बाग. ऊन चढले होते, हवा दमट होती. आई दर वळणावर बाक दिसला की बसत असे, आणि मी "अजून थोडेच" असे म्हणून तिला उठवत असे.

वॉटरफ्रंट पार्कच्या धक्क्यावर छपराखाली मोठे लाकडी झोपाळे टांगलेले आहेत. झोपाळा दिसताच आईचा चेहरा उजळला. ती बसली, पायाने हलकेच झोका दिला आणि नदीकडे पाहत राहिली. पाऊण तासाने मी निघण्याची घाई केली. ती उठली, एक पाऊल टाकले, आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. माझ्या मुलाने तिला सावरले म्हणून बरे. नाहीतर ती लाकडी फळ्यांवर कोसळली असती.

आम्ही तिला बाकावर आडवे केले, पाय उंच धरले. नाडी जलद होती, जीभ कोरडी. बोलणे स्पष्ट, दोन्ही हातांत सारखे बळ, छातीत दुखणे नाही; एवढे पाहिल्यावर माझ्या जिवात जीव आला. पिशवीतील यंत्रावर झोपून रक्तदाब 126, आणि थोड्या वेळाने जपून उभे केल्यावर 98. निदान कठीण नव्हते. शरीरातील पाणी कमी झाले होते.

"आई, सकाळपासून पाणी किती प्यायलीस?"

ती गप्प राहिली. मग नातू पाणी आणायला गेलेला पाहून म्हणाली, "घेतलंच नाही गं. सारखं जावं लागतं मला. परक्या गावात कुठे शोधायचं? तुम्ही सगळे माझ्यासाठी खोळंबणार. त्यापेक्षा न प्यायलेलं बरं."

रक्तदाबासाठी तिला जी गोळी मीच दिली होती, तिच्यात लघवी वाढवणारे औषध आहे. ती गोळी तिने सकाळी नेमाने घेतली होती. पाणी तेवढे बंद केले होते. आणि हे त्याच दिवसाचे नव्हते. विमानतळावर, मोटारीच्या प्रवासात, मुलाच्या मित्रांकडे जेवायला गेलो तेव्हा, प्रत्येक वेळी तिने हाच उपाय केला होता. दवाखान्यात अनोळखी माणसांना मी निःसंकोचपणे विचारते, रात्री किती वेळा उठावे लागते, थांबवता येते की नाही. माझ्या आईला मी हे कधीही विचारले नव्हते. मुलगी म्हणून मला संकोच वाटला असेल; आणि आई म्हणून तिने तो मोडू दिला नाही.

वाचकहो, वय वाढते तशी तहान लागण्याची जाणीव मंदावते, मूत्रपिंडाची पाणी राखून ठेवण्याची क्षमताही घटते. उठून उभे राहताना पायांकडे उतरणारे रक्त वर ढकलण्यास रक्तवाहिन्यांना उशीर लागतो. त्यात लघवीचे औषध आणि दमट ऊन मिळाले की उठताच डोळ्यांपुढे अंधारी येते. त्या एका क्षणात माणूस पडतो, खुब्याचे हाड मोडते आणि हिंडते-फिरते आयुष्य अंथरुणाला खिळते. प्रवासात ज्येष्ठ पडतात तेव्हा आपण गुडघ्यांना आणि रस्त्याला दोष देतो. पुष्कळदा दोष त्या न प्यायलेल्या पाण्याचा असतो, आणि त्यामागे असतो न बोललेला संकोच.

साखर-मीठ-लिंबाचे पाणी घोट घोट घेतल्यावर अर्ध्या तासात आईला हुशारी आली. मी यादी फाडून टाकली.

आईची यादी

तिसऱ्या दिवशी कोठे जायचे, हे आईने ठरवले. तिची यादी लहान होती: बसायला जागा हवी, जवळ स्वच्छतागृह हवे, आणि समुद्र हवा. नातसुनेने फोनवर पाहून या तिन्ही गोष्टी जुळवल्या. ते काम पाच मिनिटांचे होते. आदल्या दिवशी मीही ते करू शकले असते.

प्रथम सलिव्हन्स आयलंड. खाडीच्या तोंडाशी असलेल्या या बेटावर अठराव्या शतकात आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांना विक्रीपूर्वी साथीच्या भीतीने वेगळे ठेवले जात असे. विलगीकरणाचा इतिहास वाचताना आम्हा वैद्यकीय व्यवसायातील माणसांनी विसरू नये असे हे ठिकाण आहे. तेथे राखले जाई ते शहराचे आरोग्य, बंदिवानांचे नव्हे. नोबेलविजेत्या लेखिका टोनी मॉरिसन यांनी एकदा खंत व्यक्त केली होती की या लोकांच्या स्मरणार्थ रस्त्याकडेला साधा बाकसुद्धा नाही. 2008 मध्ये येथे तो बाक ठेवण्यात आला. काळा, साधा, पाण्याकडे तोंड केलेला. आईला मी ही हकीकत सांगितली. ती त्या बाकावर बराच वेळ बसून राहिली. "बसायला जागा देणं म्हणजे माणूस मानणं," एवढेच ती म्हणाली. त्या दिवशी तिला कोणीही उठवले नाही.

दुपार कलल्यावर शेजारच्या आइल ऑफ पाम्स बेटावरील सार्वजनिक किनाऱ्यावर गेलो. तेथे वाळूवर चालणारी, फुगीर रुंद चाकांची खुर्ची विनामूल्य मिळते. संख्या थोडी असल्याने आधी येणाऱ्यास आधी. आईने खुर्ची पाहून मान फिरवली. "मी काय आजारी आहे?" तेव्हा नातू स्वतः त्यात बसला आणि बायकोला म्हणाला, "ढकल मला." दोघे वाळूत गोल फिरून आली. आई हसली, आणि मग बसली.

लाटांच्या कडेला आम्ही खुर्ची थांबवली. आईने पाय पाण्यात सोडले. तत्पूर्वी मी तिची पावले तपासून घेतली, कारण पायास जखम असेल तर उबदार समुद्राच्या पाण्यातून तेच व्हिब्रिओ जंतू शिरू शकतात. मधुमेहींनी ही काळजी विशेष घ्यावी. सूर्य मावळला तो आमच्या पाठीमागे, घरांच्या बाजूस. आई म्हणाली, "समुद्र समोर आणि सूर्य पाठीशी, असं पहिल्यांदाच बघते." मग पिशवीतली बाटली तिने स्वतःहून मागितली आणि घटाघटा पाणी प्यायली. माझ्यासाठी तीन दिवसांतील सर्वांत सुंदर दृश्य तेच होते.

आपण निघाल तेव्हा

चार्ल्स्टनला जा किंवा गणपतीपुळ्याला, पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

प्रवासाला निघण्यापूर्वी लघवीच्या तक्रारीविषयी डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलावे. वारंवार लघवी लागण्यामागे संसर्ग, मधुमेह, प्रोस्टेट किंवा औषध असू शकते आणि पुष्कळदा त्यावर उपाय असतो. लघवी वाढवणारे औषध प्रवासाच्या दिवशी कोणत्या वेळी घ्यावे हे विचारून घ्यावे; आपल्या मनाने ते बंद करू नये. शोषून घेणारी चड्डी वापरण्यात कमीपणा नाही.

पाणी एकदम न पिता दर अर्ध्या तासाला थोडे थोडे प्यावे. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे ज्यांना पाणी मोजून सांगितले आहे, त्यांनी आपली मर्यादा डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी. बराच वेळ बसल्यावर उठण्यापूर्वी घोटे दहा-बारा वेळा वरखाली हलवावेत, आधार धरून उभे राहावे, आणि दहापर्यंत मोजूनच पहिले पाऊल टाकावे.

चक्कर आल्यास आडवे करून पाय उंच करावेत. शुद्ध हरपली, बोलणे अडखळले, तोंड वाकडे झाले, एका बाजूचे बळ गेले किंवा छातीत दुखू लागले, तर लिंबूपाण्यात वेळ न दवडता रुग्णवाहिका बोलवावी. अमेरिकेत त्यासाठी 911, भारतात 108 किंवा 112. परदेशी जाताना विमा काढताना जुने आजार लपवू नयेत. लपवलेल्या आजाराचा खर्च विमा कंपनी नाकारू शकते.

आणि सोबत जाणाऱ्या मुला-मुलींना एक विनंती. दिवसाची आखणी प्रेक्षणीय स्थळांनी न करता बाकांनी करावी: कोठे बसता येईल, कोठे सावली आहे, कोठे स्वच्छतागृह आहे. दिवसात दोन ठिकाणे पुरेत. तुम्हाला स्वतःला जायचे नसले तरी "चला, मला जाऊन यायचे आहे" असे तुम्हीच आधी म्हणावे. ज्येष्ठांचा अर्धा संकोच तेवढ्यानेच दूर होतो.

परतल्यानंतर माझ्या दवाखान्यातील तो प्रश्न तसाच आहे. "डॉक्टर, मला झेपेल ना?" आता मी रक्तदाब पाहते, गुडघे पाहते, आणि खुर्ची थोडी जवळ ओढून हळूच विचारते, "प्रवासात तुम्ही पाणी पिता ना?" बहुतेक जण आधी हसतात. मग खरे सांगतात.